प्रौढांच्या जलतरण स्पर्धेची सूचना कशी लिहावी

सूचनेत तारीख आणि वेळ यांच्या लगेच खाली तलावाची लांबी द्यावी. 100 मीटरच्या शर्यतीत 25 मीटरच्या तलावात तीन वळणे घ्यावी लागतात, तर 50 मीटरच्या तलावात एकच. भिंतीला पाय रेटून मिळणारा वेग ध्यानात घेतला, तर दोन्हीकडच्या वेळांची थेट तुलना करता येत नाही, म्हणून प्रवेश अर्जातील वेळ कोणत्या तलावातील आहे हेही विचारावे.

सर्वाधिक गोंधळ वयोगटांचा होतो. मास्टर्स, म्हणजे प्रौढ जलतरणपटूंचे, गट 25 व्या वर्षापासून सुरू होतात व ते पाच-पाच वर्षांचे असतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वय स्पर्धेच्या वर्षातील 31 डिसेंबरला मोजले जाते. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये चाळिशी गाठणारा सभासद जानेवारीतल्या शर्यतीतही 40–44 गटातच उतरतो. हे उदाहरण सूचनेतच छापावे, अन्यथा प्रत्येक जण तोच प्रश्न स्वतंत्रपणे विचारतो.

रिलेत चौघांच्या वयांची बेरीज धरतात: 31, 38, 44 आणि 52 मिळून 165, म्हणजे 160–199 गट.

निकाल मात्र त्याच संध्याकाळी कळवावेत. शेवटच्या क्रमांकाची वेळही त्यात असावी, कारण अनेकांची खरी शर्यत स्वतःच्या मागील वेळेशीच असते.