शुभवर्तमान कोणी लिहिलं? गावच्या शास्त्रवर्गात हा प्रश्न कसा घ्यावा

"बाई, मार्कानं लिहिलं असं मार्काच्या पुस्तकात आतमधी कुठी लिहिलं हाये?" मोबाईलवर एखादा व्हिडिओ पाहून आलेलं पोरगं असं विचारतं, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. प्रश्न चांगला आहे, फार जुना आहे, आणि उत्तर शोधायला लागणारं निम्मं साहित्य त्याच्या हातातल्या मराठी बायबलातच आहे. चांदूर बाजार तालुक्यातल्या एका लहानशा मंडळीत (चर्चमध्ये) मी तरुणांचा शास्त्रवर्ग घेते. कापूस वेचणीच्या दिवसांत तो रात्री जेवणं आटोपल्यावर भरतो. तिथं जमलेली रीत इथं सांगते.

मराठी बायबल, जमल्यास दोन वेगळ्या आवृत्त्या, एक मोठी वही आणि रंगीत पेन्सिली एवढं पुरे. वहीच्या पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने करा. पहिल्यात, पुस्तक स्वतःबद्दल काय सांगतं. दुसऱ्यात, नंतरच्या माणसांनी काय सांगितलं आणि कोणत्या साली. तिसऱ्यात, जुन्या हस्तलिखितांत काय दिसतं. या विषयावरची बहुतेक भांडणं एका रकान्यातली गोष्ट दुसऱ्यात घुसवल्यामुळे होतात. म्हणून कोणी काहीही सांगितलं की पहिला सवाल हाच करायचा: हे कुठल्या रकान्यातलं?

सुरुवात पहिल्या रकान्यापासून. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या, येशूचं जीवन सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखकानं आपलं नाव दिलेलं नाही. लूक तर पहिल्याच चार वचनांत सांगतो की त्याच्याआधी पुष्कळांनी वृत्तान्त लिहायला घेतला, डोळ्यांनी पाहणाऱ्यांनी तो सोपवला, आणि आपण सगळं शोधून क्रमानं लिहीत आहोत. म्हणजे तो स्वतःला प्रत्यक्षदर्शी म्हणवत नाही. योहान २१:२४ (अध्याय २१, वचन २४) मोठ्यानं वाचायला लावा. ज्या शिष्यानं हे लिहिलं त्याची साक्ष खरी आहे हे 'आम्हाला' ठाऊक आहे, असं तिथं आहे. हे 'आम्ही' कोण? पोरांना यावर बोलू द्या, घाई करू नका.

मग दुसरा रकाना. हिएरापोलिसचा बिशप पपियास दुसऱ्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सांगतो की मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाष्या होता आणि त्यानं आठवलं ते लिहिलं, पण क्रमानं नाही. मात्र पपियासचं पुस्तक हरवलंय. त्याचे शब्द आपल्याला चौथ्या शतकातला मंडळीचा इतिहासकार युसेबियस याच्यामार्फत मिळतात, तेव्हा वहीत दोन्ही काळ लिहा. बिशप इरेनियस इ.स. १८० च्या सुमारास चारही नावं घेऊन बोलतो. तिसऱ्या रकान्यात घाला की इ.स. २०० च्या आसपासच्या पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला जुना कागद) प्रतींत 'योहानाप्रमाणे' असा मथळा दिसतो. इथं अभ्यासकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, नावं नंतर लागली. दुसरा म्हणतो, ज्या ज्या प्रतीत मथळा शाबूत आहे तिथं भलतंच नाव कधीच आढळत नाही, म्हणजे नावं बरीच जुनी असली पाहिजेत. मला दुसऱ्या तटाचा हा मुद्दा वजनदार वाटतो, पण तेवढ्यानं लेखक सिद्ध होत नाही, हेही मी वर्गात स्पष्ट सांगते.

आता पेन्सिली काढा. या कामाला वेळ लागतो, पण माझ्या मते सगळ्या अभ्यासाचा जीव इथं आहे. मत्तय ९:६, मार्क २:१० आणि लूक ५:२४ शेजारीशेजारी उतरवून घ्या. पक्षघाती माणसाची गोष्ट आहे. येशू बोलत असतो, 'तुम्हाला समजावं म्हणून', आणि वाक्य मध्येच तुटतं, निवेदक घुसून सांगतो की तो पक्षघाती माणसाला म्हणाला, मग वाक्य पुढं चालतं. तिन्ही पुस्तकांत वाक्य तिथंच तुटतं. तीन माणसांनी आपापल्या आठवणीनं सांगितलं असतं तर शब्द जुळले असते कदाचित, पण वाक्य मोडायची जागा? त्यानंतर मार्क १३:१४ आणि मत्तय २४:१५ काढा. दोन्हीकडे मध्येच 'वाचणाऱ्यानं समजून घ्यावं' अशी सूचना आहे. वाचणारा कागदापुढे असतो, म्हणून ही ओळ एका लेखणीतून दुसऱ्या लेखणीत उतरली असंच बहुतेक अभ्यासक धरतात.

कोणी कोणाचं पाहून लिहिलं, हा पुढचा वाद. मार्काच्या सुमारे ६६० वचनांपैकी दहात नऊ भाग मत्तयात येतो. जुन्या मंडळीचा धर्मपंडित ऑगस्टीन याला वाटायचं की मार्कानं मत्तयाचा संक्षेप केला. आजचे बहुतेक अभ्यासक उलट म्हणतात, मार्क आधी. का, ते दाखवायला मी मार्क ६:५ घेते. नासरेथात येशूला थोड्या आजाऱ्यांना बरं करण्यापलीकडे काही महत्कृत्य करता आलं नाही, असं मार्क लिहितो. मत्तय १३:५८ मध्ये 'त्यानं फारशी केली नाहीत' असं आहे. अवघड वाक्य कोणीतरी सौम्य केलं हे पटण्याजोगं आहे, सौम्य वाक्य कोणी मुद्दाम अवघड कशाला करेल? मत्तय आणि लूक यांच्यात जुळणारी, पण मार्कात नसलेली दोनशेवर वचनं आहेत. ती 'क्यू' नावाच्या हरवलेल्या संग्रहातून आली असं काही जण मानतात. त्या संग्रहाची एकही प्रत सापडलेली नाही, म्हणून लूकानं मत्तय वाचला होता असं म्हणणाराही गट आहे. 'क्यू' वहीत लिहायचाच तर पुढे 'अंदाज' असं लिहा.

बायबलातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांना वेगळं पान द्या, कारण तिथं नाव मजकुरातच आहे. तेरा पत्रांत पौलाचं नाव येतं. रोमकर, करिंथकरांची दोन, गलतीकर, फिलिप्पैकर, पहिलं थेस्सलनीकाकर आणि फिलेमोन, या सातांबद्दल जवळपास सगळे एकमत आहेत. इफिसकर, कलस्सैकर आणि दुसरं थेस्सलनीकाकर यांबद्दल वाद आहे. तीमथ्याची दोन आणि तीताचं, यांबद्दल जास्तच, कारण त्यांतली शब्दांची ठेवण आणि मंडळीची व्यवस्था निराळी दिसते. पण निकाल लावण्याआधी रोमकर १६:२२ वाचा. तिथं तर्तिय सांगतो की हे पत्र मी लिहून काढलं. गलतीकर ६:११ मध्ये पौल आपल्या हातची मोठी अक्षरं दाखवतो. लेखनिक होते, आणि त्यांना किती मोकळीक होती, यावर शब्दांच्या मोजदादीचा अर्थ बदलतो.

"असं विचारणं म्हणजे अविश्वास" असं मंडळीतलं कोणी वडीलधारं म्हणालं, तर त्यांना जुन्या मंडळीचाच दाखला द्या. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस यानं भाषा आणि शैली तपासून म्हटलं की प्रकटीकरण (बायबलातलं शेवटचं पुस्तक) लिहिणारा योहान आणि शुभवर्तमान लिहिणारा योहान एक नव्हेत. तरी प्रकटीकरण त्यानं टाकून दिलं नाही. जुना ख्रिस्ती लेखक टर्टुलियन सांगतो की आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळीच्या एका वडिलानं, म्हणजे पदाधिकाऱ्यानं, पौलाच्या प्रेमापोटी त्याच्या नावावर लिखाण रचलं, ते कबूल केलं, आणि त्याचं पद गेलं. खोटं नाव तेव्हाही चालत नव्हतं. आमच्याकडे मी महानुभावांच्या रिद्धपूरचंही सांगते, ते जवळच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी, त्यांना भेटलेल्या माणसांना विचारून विचारून गोळा केल्या. त्या आठवणी पुढं परचक्राच्या हल्लकल्लोळात हरवल्या आणि पुन्हा स्मरणातून उभ्या केल्या, असं महानुभाव परंपरा सांगते. वेगवेगळे पाठ त्या लोकांनी दडवले नाहीत, जपले. ही गोष्ट आपल्या मातीतली असल्यानं म्हातारी माणसं लगेच ऐकतात.

तिसऱ्या रकान्यासाठी मार्क १६:९ ते २० पाहा. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सिनाय या दोन मोठ्या प्रतींत ही वचनं नाहीत. व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्टही (योहान ७:५३ ते ८:११) त्यांत नाही. काही मराठी आवृत्त्यांत इथं कंस किंवा तळटीप असते, ती पोरांना स्वतः शोधू द्या.

व्हिडिओतला सगळ्यात जास्त फिरणारा दावा असा की ३२५ साली निकाया इथल्या बिशपांच्या सभेत रोमी सम्राट कॉन्स्टंटाइननं चार पुस्तकं निवडली आणि बाकीची जाळली. त्या सभेच्या नियमांत पुस्तकांच्या यादीचा विषयच नाही. इरेनियस चारांबद्दल त्याच्या दीडशे वर्षं आधी बोलतोय, आणि आजच्या नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात येते. ही तीन सालं वहीत एकाखाली एक लिहिली की पोरं बाकीचं स्वतःच बोलतात.

वर्ग नवा असेल आणि लोक बिचकत असतील, तर शुभवर्तमानांपासून सुरू करू नका. इब्री लोकांस पत्र घ्या. त्यात लेखकाचं नावच नाही, कोणी पौल म्हणालं, टर्टुलियननं बर्णबा म्हटलं, आणि जुना ख्रिस्ती पंडित ओरिजेन यानं सरळ सांगितलं की खरं काय ते देवालाच ठाऊक. त्यानंतर दोन्ही थेस्सलनीकाकर, आणि मग पेन्सिली घेऊन मार्क.