डीपी सुधारताय? आधी हिरव्या पट्ट्यात फिरून या

डीपीचं, म्हणजे शहराच्या विकास योजनेचं, काम निघालं की नगरपरिषदेत येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "साहेब, आमचा गट पिवळ्यात येतोय का?" रचना सहायक म्हणून नोकरी केली, त्यामुळे हे वाक्य मला झोपेतही ऐकू येतं. (नकाशात पिवळा म्हणजे रहिवासाचा पट्टा, हिरवा म्हणजे शेतीचा.) नव्या नगरसेवकांनी आणि मुख्याधिकाऱ्यांनी या प्रश्नाला सगळ्यात शेवटी हात घालावा. आधीची कामं खाली सांगतो.

विकास योजना वीस वर्षांतून एकदा तरी सुधारायची असते, असं १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ३८ सांगतं. सुरुवात सर्वसाधारण सभेत होते: कलम २३ खाली योजना सुधारण्याचा इरादा जाहीर करण्याचा ठराव. मात्र ठरावाची घाई करू नका. इरादा जाहीर झाला की मुदती धावू लागतात. सहा महिन्यांत विद्यमान जमीन वापराचा नकाशा आणि दोन वर्षांच्या आत प्रारूप योजना, म्हणजे कच्चा मसुदा, प्रसिद्ध. मुदत हुकली तर योजना तुमच्या हातातून जाऊ शकते. म्हणून ठरावाआधीच जुन्या डीपीची मंजुरीची अधिसूचना, भाग नकाशे, मधल्या काळात कलम ३७ खाली योजनेत झालेले सगळे फेरबदल आणि मंजूर ले-आऊटच्या (प्लॉट पाडण्याच्या आराखड्यांच्या) फायली एका खोलीत आणा. ले-आऊटच्या फायली हटकून कुणाच्या तरी कपाटावर फडक्यात बांधलेल्या असतात. त्या सापडल्या नाहीत तर ले-आऊटमधली खुली जागा नव्या नकाशात बिनदिक्कत रहिवासात रंगवली जाते, आणि मग मुलांना खेळायला मैदान नाही म्हणून आपणच ओरडतो.

आता जमीन वापराचा नकाशा. सगळी योजना यावर उभी असते आणि टंगळमंगळही इथेच होते. ड्रोनला पत्रे दिसतात, पत्र्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. खाली यंत्रमाग, वर संसार, हे पायी फिरल्याशिवाय कळत नाही. खास करून हद्दीजवळच्या हिरव्या पट्ट्यात जा. बांधाला लागून फक्कीच्या रेघा, कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंट, मध्ये एक बोअर, विजेचे दोन खांब आणि एकेका गुंठ्यावर विटांची चार-सहा घरं. सातबारा काढा, एकाच गटावर तीस-चाळीस नावं सामाईकात. नकाशात हे 'शेती' म्हणून दाखवलंत तर पुढचं सगळं गणित खोटं. ही माणसं हौसेनं तिथे गेलेली नाहीत. पिवळ्या पट्ट्यातला एनए (बिगरशेती) प्लॉट हमालाला, शिवणकाम करणाऱ्या बाईला परवडत नाही. अशी गुंठ्या-गुंठ्यानं विकलेली विनापरवाना वस्ती म्हणजे गुंठेवारी. तिच्या नियमितीकरणाची तारीख सरकारनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली आहे, त्यामुळे त्याआधीची घरं वेगळ्या रंगात टिपा. त्यांच्यावर बगीचाचं आरक्षण टाकू नका. जुनी गाडीवाट असेल तीच नऊ मीटरचा रस्ता म्हणून धरा. टेबलावर पट्टी ठेवून आखलेला सरळ रस्ता घरांच्या डोक्यावरून जातो आणि वीस वर्षं कागदावरच राहतो.

घरांची गरज काढताना हाताशी २०११ ची जनगणना आहे. ती जुनी झाली, म्हणून घरपट्टीच्या नोंदी, नळजोडण्या आणि शाळांचा पट तिच्या शेजारी ठेवा. कुटुंबं लहान होताहेत, तेव्हा घरांची संख्या लोकसंख्येपेक्षा वेगानं वाढणार, हे धरा. मोठ्या प्रकल्पात वीस टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम दहा लाखांवरच्या शहरांसाठी आहे. आपल्यासारख्या लहान शहराला त्याचा आधार नाही. घरकुलांसाठी जागा आपणच शोधायची, नगरपरिषदेच्या आणि सरकारी जमिनीवर आधी. वाढीच्या दिशेला मोकळी जमीन असेल तर नुसता पिवळा रंग देण्यापेक्षा टीपी स्कीमचा, म्हणजे जमिनी एकत्र करून नव्यानं भूखंड पाडण्याच्या नगररचना योजनेचा, विचार करा. त्यात रस्ते आणि लहान भूखंड एकदमच आखून मिळतात.

आरक्षणांबाबत, म्हणजे बगीचा, शाळा अशा सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागांबाबत, माझं मत बऱ्याच जणांना कंजूष वाटतं. जितकी घेता येतील तितकीच ठेवा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं शहरी हद्दीत बाजारभावाच्या दुप्पट मोबदला द्यावा लागतो. पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ म्हणाल, पण चार मजल्यांच्या गावात तो विकत घेणार कोण? योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. जुन्या डीपीतलं प्रत्येक आरक्षण घेऊन 'ताब्यात', 'नोटीस आली', 'घरं झाली' असा तक्ता करा. तो पाहिला की नवी आरक्षणं टाकण्याचा उत्साह आपोआप उतरतो.

नदी असेल तर जलसंपदाकडून पूररेषेचे नकाशे आधीच मागवा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. रेषेमुळे जमिनीचा भाव पडतो म्हणून ती सरकवायचा आग्रह होणारच. पुरात बुडालेल्या चिपळूणच्या बाजारपेठेचे २२ जुलै २०२१ चे फोटो समोर ठेवून बोला.

प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतींना फक्त तीस दिवस. नकाशा नगरपरिषदेच्या जिन्यात टांगून भागत नाही. प्रभागवार मोठे नकाशे छापा, त्यावर गट नंबर ठळक घाला आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तलाठी सज्जाजवळ टेबल मांडा. छापील हरकतीचा नमुना ठेवा, पोच द्या. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. त्यांना हरकती गटवार लावून द्या, आलेल्या क्रमानं नाही. म्हणजे एकाच रस्त्यावरच्या पंधरा हरकती एका बैठकीत सुटतात, आणि शेजारच्या दोन गटांना उलटसुलट निर्णय मिळत नाहीत.