अमेरिकेच्या यादवी युद्धावर लिहिताना या चुका टाळा

“गुलामगिरी नष्ट करण्यासाठी लिंकन यांनी दक्षिणेविरुद्ध युद्ध पुकारले, गेटिसबर्गच्या निर्णायक लढाईत ५१ हजार सैनिक मेले, आणि ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्सच्या न्यायालयात जनरल ली शरण येताच युद्ध संपले.” या धाटणीचे वाक्य परीक्षेच्या टिपणांत आणि दिनविशेषांच्या सदरांत सर्रास आढळते. मराठी म्हणून ते निर्दोष आहे. इतिहास म्हणून त्यात सहा चुका आहेत. त्यांतल्या बहुतेक एकाच सवयीतून येतात. युद्धाचा शेवट आपल्याला माहीत असतो आणि तो आपण नकळत सुरुवातीला नेऊन चिकटवतो. त्यावरचा उपाय साधा आहे: प्रत्येक विधानाशेजारी तारीख लिहावी आणि त्या तारखेला ते खरे होते का, हे तपासावे.

दक्षिणेकडील राज्ये का फुटली आणि उत्तरेकडील का लढली, हे दोन प्रश्न एक करू नका

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फुटलेल्या राज्यांनीच लिहून ठेवले आहे. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी बाहेर पडले, तेव्हा लिंकन निवडून आले होते खरे, पण त्यांचा शपथविधी ४ मार्च १८६१ रोजी व्हायचा होता. तोवर सात राज्ये फुटून त्यांनी ‘कॉन्फेडरेसी’ स्थापन केली होती आणि जेफरसन डेव्हिस तिचे अध्यक्षही झाले होते. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. कॉन्फेडरेसीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे ‘सत्य’च नव्या सरकारची कोनशिला असल्याचे सांगितले. त्यामुळे ‘युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले’ हे वाक्य लिहिण्याआधी साउथ कॅरोलायनाची तक्रार वाचावी: उत्तरेकडील राज्ये आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत देण्यात अडथळे आणतात, ही ती तक्रार होती. म्हणजे राज्याने स्वतःच्या हक्काचा वापर केला, हाच आक्षेप होता. जकातीचे कारणही असेच तपासावे. वाढीव जकातीचा कायदा २ मार्च १८६१ रोजी झाला, म्हणजे ती सात राज्ये निघून गेल्यानंतर.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र युद्ध चालू असताना बदलत गेले आणि बहुतेक लेख नेमके इथेच घसरतात. पहिल्या तोफा कॉन्फेडरेसीने १२ एप्रिल १८६१ रोजी साउथ कॅरोलायनातील फोर्ट समटर या किल्ल्यावर डागल्या, त्यानंतर लिंकन यांनी ७५ हजार स्वयंसेवक मागवले आणि ती मागणी ऐकून आणखी चार राज्ये फुटली. त्याच वर्षीच्या जुलैत वॉशिंग्टनच्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ठराव करून सांगितले की, हे युद्ध संघराज्य (म्हणजे फुटून न गेलेल्या राज्यांची अमेरिका, बोलीत ‘उत्तर’) टिकवण्यासाठी आहे, राज्यांतील प्रस्थापित संस्था मोडण्यासाठी नाही. मेरीलँड, केंटकी, मिसुरी आणि डेलावेअर ही चार गुलामधारी राज्ये संघराज्यातच राहिली होती, हे लक्षात घेतले की या सावधपणाचे कारण कळते. ‘गुलामधारी राज्ये म्हणजे कॉन्फेडरेसी’ हे समीकरण म्हणूनच बाद करावे.

धोरण कसे बदलले, हे एका छोट्या प्रसंगात नीट दिसते. २३ मे १८६१ रोजी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटण्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीतून संघराज्याच्या ताब्यातील फोर्ट मनरो या किल्ल्यावर पोहोचले. त्यांना कॉन्फेडरेसीच्या तोफांचा मोर्चा बांधायला लावले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकाच्या वतीने एक अधिकारी पांढरे निशाण घेऊन आला आणि पळून गेलेल्या गुलामांविषयीच्या कायद्यावर बोट ठेवून त्यांना परत मागू लागला. किल्ल्याचे प्रमुख बेंजामिन बटलर पेशाने वकील होते. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, मग अमेरिकेचा कायदा तिला कसा लागू होणार, असे विचारून त्यांनी त्या तिघांना ‘युद्धात जप्त केलेला माल’ म्हणून ठेवून घेतले. शब्द माणसाला शोभणारा नव्हता, परंतु त्यानंतर किल्ल्याकडे येणाऱ्यांची रीघ लागली आणि ऑगस्टमध्ये काँग्रेसला तसा कायदाच करावा लागला. मुक्ती वरून खाली आली, असे एकतर्फी लिहिणाऱ्यांनी ही होडी विसरू नये.

लिंकन यांच्या १ जानेवारी १८६३ च्या गुलाममुक्तीच्या घोषणेबाबत दोन उलट टोकांच्या चुका होतात. ‘त्या दिवशी सर्व गुलाम मुक्त झाले’ ही पहिली. प्रत्यक्षात ती घोषणा बंडखोर प्रदेशांपुरती होती. वरील चार राज्ये, टेनेसी आणि आधीच ताब्यात आलेले लुइझियाना व व्हर्जिनियाचे काही भाग तिच्यातून वगळलेले होते. ‘म्हणजे तिने कोणीच मुक्त झाले नाही, ती नुसती चाल होती’ ही दुसरी चूक, आणि हल्ली तीच अधिक चतुराईने मांडली जाते. सैन्य पुढे सरकेल तसतशी ती घोषणा प्रत्यक्षात उतरत गेली आणि तिने काळ्या माणसांना सैन्यात घेण्याचा मार्ग खुला केला. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार जण संघराज्याच्या भूदलात दाखल झाले होते. संपूर्ण देशात गुलामगिरी कायद्याने संपली ती तेराव्या घटनादुरुस्तीने, ६ डिसेंबर १८६५ रोजी. केंटकी आणि डेलावेअर येथे ती तोवर चालूच होती.

महाराष्ट्रातील वाचकाला इथे आणखी एक मोह होतो. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल, अर्पण केला. ती अर्पणपत्रिका युद्धाच्या फलिताला दिलेली दाद आहे. १८६१ मधील उत्तरेच्या धोरणाचा पुरावा म्हणून ती वापरू नये.

नकाशा व्हर्जिनियातच संपवू नका

संघराज्याची वॉशिंग्टन आणि कॉन्फेडरेसीची रिचमंड या दोन राजधान्यांत जेमतेम शंभर मैलांचे अंतर असल्यामुळे वर्तमानपत्रांचे आणि नंतरच्या लेखकांचेही डोळे तिथेच खिळून राहिले. पश्चिमेत मात्र संघराज्याचे जनरल युलिसिस ग्रँट यांनी फेब्रुवारी १८६२ मध्येच फोर्ट हेन्री आणि फोर्ट डोनेल्सन हे किल्ले घेतले होते, आणि एप्रिलअखेर न्यू ऑर्लिन्स संघराज्याच्या आरमाराच्या हाती आले होते. गेटिसबर्गची लढाई ३ जुलै १८६३ रोजी संपली आणि कॉन्फेडरेसीचे जनरल ली आपले सैन्य घेऊन माघारी गेले. ४ जुलैला मिसिसिपी नदीवरचे व्हिक्सबर्ग सुमारे २९ हजार सैनिकांसह शरण आले, म्हणजे तिथे अख्खे एक सैन्य नकाशावरून पुसले गेले. वेढ्याच्या ४७ दिवसांत शहरातील लोक तोफगोळ्यांपासून वाचण्यासाठी डोंगरउतारांत खोदलेल्या गुहांत राहत होते. लवकरच संपूर्ण नदी संघराज्याच्या ताब्यात आली आणि कॉन्फेडरेसीचे दोन तुकडे झाले. गेटिसबर्गला ‘महत्त्वाची’ म्हणावे. ‘निर्णायक’ हा शब्द वापरायचाच असेल, तर त्यानंतर युद्ध आणखी एकवीस महिने का चालले, याचे उत्तर तयार ठेवावे.

विजय अटळ होता, हा समजही याच सदरातला. २३ ऑगस्ट १८६४ रोजी लिंकन यांनी एक टिपण लिहिले. आपण पुन्हा निवडून येणार नाही असे दिसते, तेव्हा निवडणूक आणि नव्या अध्यक्षाचा शपथविधी यांदरम्यान संघराज्य वाचवण्यासाठी त्या नव्या अध्यक्षाशी सहकार्य करणे आपले कर्तव्य ठरेल, अशा आशयाचे ते टिपण होते. कागदाची घडी घालून तो बंद केला आणि मंत्र्यांना तो न वाचताच मागच्या बाजूस सह्या करायला लावल्या. दहा दिवसांनी संघराज्याचे जनरल शर्मन यांच्या फौजेने दक्षिणेतील अटलांटा शहर घेतले. नोव्हेंबरमध्ये लिंकन यांना २१२ निर्वाचक मते मिळाली, प्रतिस्पर्धी जनरल मॅक्लेलन यांना २१. त्यानंतर तो कागद मंत्रिमंडळासमोर उघडण्यात आला. राजकारण एका प्रकरणात आणि लढाया दुसऱ्या प्रकरणात घातल्या की हे दहा दिवस कुठेच बसत नाहीत.

आकडा आणि नावे

गेटिसबर्गचे ५१ हजार हे ‘हताहत’ आहेत, मृत नव्हेत. इंग्रजी वृत्तान्तातील त्या शब्दात ठार, जखमी, बेपत्ता आणि पकडले गेलेले असे सर्व येतात. रणांगणावर ठार झालेल्यांची संख्या आठ हजारांच्या आसपास होती. अँटीटमच्या लढाईच्या १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसाचे सुमारे २३ हजारही असेच वाचावेत. युद्धातील एकूण मृत्यूंसाठी ६ लाख २० हजार हा आकडा दीर्घकाळ चालत आला. २०११ मध्ये जनगणनांच्या आधारे केलेल्या मोजणीने तो साडेसात लाखांच्या घरात नेला. कोणताही आकडा घ्या, पण त्यांतले बहुसंख्य मृत्यू गोळीने नव्हे तर रोगाने झाले, हे वाक्य गाळू नका.

नावांचा घोळ मराठीत विशेष होतो. उत्तरेचे लोक लढाईला बहुधा ओढ्या-नदीचे नाव देत, दक्षिणेचे जवळच्या गावाचे. त्यामुळे बुल रन आणि मनॅसस, अँटीटम आणि शार्प्सबर्ग या चार लढाया नसून दोन ठिकाणे आहेत. त्याहून फसवी जोडी सैन्यांची. संघराज्याच्या एका सैन्याचे नाव टेनेसी नदीवरून, तर कॉन्फेडरेसीच्या एका सैन्याचे टेनेसी राज्यावरून पडले होते. इंग्रजीत दोहोंमधला फरक ‘द’ या एका उपपदाचा आहे आणि मराठीत उपपदच नाही, म्हणून अनुवादात दोन्ही ‘टेनेसी सेना’ होतात. माझ्या एका जुन्या लेखात ती सेना परिच्छेदभर स्वतःशीच लढत होती आणि छापून येईपर्यंत ते माझ्या ध्यानात आले नाही. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी सेनापतीचे नाव जोडतो. मात्र नावाबरोबर जन्मगाव पाहून बाजू ठरवू नये: संघराज्याचे जॉर्ज थॉमस व्हर्जिनियाचे होते आणि व्हिक्सबर्ग लढवणारे पेम्बर्टन पेनसिल्व्हेनियाचे.

शेवटची तारीख

ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस हे गावाचे नाव आहे. ली शरण आले ते विल्मर मॅक्लीन यांच्या घरातील बैठकीच्या खोलीत. त्यांनी सोपवले ते स्वतःचे सैन्य, कॉन्फेडरेसी नव्हे. कॉन्फेडरेसीचेच जनरल जॉन्स्टन यांचे त्याहून मोठे सैन्य २६ एप्रिलला, मिसिसिपीपलीकडील सैन्य जूनच्या आरंभी आणि चेरोकी सेनानी स्टँड वॅटी २३ जूनला शरण आले. टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे गुलाममुक्तीचा आदेश वाचला गेला तो १९ जूनला.

युद्धामुळे अमेरिकेचा कापूस ब्रिटनला मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाची तेजी आली; तिच्याविषयी लिहितानाही तारखांचीच गडबड होते. सगळी टंचाई उत्तरेच्या नाकेबंदीने झाली, असे नाही. १८६१ मध्ये दक्षिणेच्या मळेवाल्यांनी ब्रिटनवर दबाव आणण्यासाठी आपण होऊन कापूस रोखून धरला. शिवाय आधीच्या भरघोस पिकाचा साठा लँकेशायर या ब्रिटनच्या कापडगिरण्यांच्या भागात शिल्लक असल्याने खरी झळ १८६२ मध्ये बसली. उतरणही एका रात्रीत आली नाही. शांततेच्या वार्तांनी भाव १८६४ च्या उत्तरार्धापासूनच हेलकावे खात होते. १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी व्यवहार चुकते करता आले नाहीत, तेव्हा पेढ्या बुडाल्या. त्यावरून थेट १८७५ च्या सुपे येथील सावकारांविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या दंग्यांपर्यंत उडी मारणाऱ्यांनी मधली दहा वर्षे आणि शेतसाऱ्याची वाढ विसरू नये. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला देणगी दिली ती १८६४ मध्ये, ऐन तेजीत. त्या पैशातून, त्यांच्या आईच्या नावाने, राजाबाई टॉवर उभा राहिला तो १८७८ मध्ये. तोवर तेजी बुडून तेरा वर्षे झाली होती.