केबिनमधून ट्रॅफिक ऑफिसात: इंग्लंडमध्ये लॉरी चालवू पाहणाऱ्या आपल्या माणसांसाठी

बायको नर्स म्हणून इथे आली, तुम्ही तिच्यासोबत डिपेंडंट व्हिसावर आलात आणि आता लेस्टरजवळच्या एखाद्या गोदामात रात्रपाळीला खोकी उचलताय. मीही असाच आलो. कराडला असताना आयशर चालवायचो, मुंबईच्या खेपा करायचो. त्यामुळे इथली मोठी गाडी हातात घ्यायची हे पहिल्याच महिन्यात ठरवलं होतं. आज मी ट्रान्सपोर्ट मॅनेजर आहे. मला वेळेवर कोणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती, असं बरंच काही आहे.

लायसन्सचं आधी सांगतो. गावाकडचं हेवी लायसन्स इथे बदलून मिळत नाही. भारतीय लायसन्सवर वर्षभर कार चालवता येते, लॉरी नाही. म्हणून पहिल्यांदा कारचं ब्रिटिश लायसन्स काढा आणि ती टेस्ट मॅन्युअल गाडीवरच द्या. तसं केलं की पुढे लॉरीची टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली तरी गिअरची लॉरी चालवता येते. मग डॉक्टरी तपासणी, थिअरी, ड्रायव्हर सीपीसी (पगारावर लॉरी चालवायला लागणारं पात्रता प्रमाणपत्र) आणि रस्त्यावरची परीक्षा. २०२१ पासून क्लास टू (एकसंध लॉरी) वगळून थेट क्लास वनची, म्हणजे आर्टिकची (मागे ट्रेलर जोडलेल्या लॉरीची), टेस्ट देता येते. पैसे वाचतात हे खरं, पण इथल्या गोल चौकांना हात बसला नसेल तर घाई करू नका.

आणि गावाकडे कोणी एजंट ‘लॉरी ड्रायव्हरचा व्हिसा काढून देतो’ म्हणत असेल, तर भावाला, मेहुण्याला आजच फोन करून सांगा की एक रुपया देऊ नका. लॉरी चालवण्यासाठी म्हणून स्किल्ड वर्कर व्हिसा मिळत नाही. आपल्याला हे काम करता येतं ते डिपेंडंट व्हिसामुळे.

आता मुख्य गोष्ट. इथे क्लीनर नसतो. गाडी मागे घेताना पत्रा ठोकणारा, टायरवर टॉमी मारून बघणारा, ताडपत्री आवळणारा कोणी नाही. ते सगळं तुमचंच. रोज गाडी काढण्याआधी भोवती फिरून तपासणी करायची आणि दोष असेल तर तो लिहून द्यायचा. नवीन माणसाला वाटतं, हा कागदाचा उपचार आहे. मलाही वाटायचं.

एका सकाळी फीलिक्सस्टो बंदरातून कंटेनर घ्यायला निघालो होतो. उशीर झालेला, बाहेर पाऊस. खाली न उतरताच शीटवर ‘दोष नाही’ लिहिलं. ए१४ हायवेवर डीव्हीएसएच्या (गाड्या तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) माणसांनी गाडी बाजूला घेतली. ट्रेलरच्या आतल्या टायरला काप गेला होता, आतले धागे दिसत होते. गाडी जागेवर थांबवली आणि हातात पीजी-नाइन, म्हणजे गाडीवरच्या बंदीचा कागद, दिला. त्यात तात्काळ बंदी असेल तर दुरुस्तीशिवाय गाडी हलत नाही.

परतल्यावर वाटलं, नोकरी गेली. पण तेव्हाच्या आमच्या मॅनेजरबाईंनी शेजारी खुर्ची ओढून बसवलं आणि स्क्रीनवर दाखवलं की माझी ती एक सही कंपनीच्या जोखमीच्या गुणांत कशी जाऊन बसते, ते गुण बिघडले की आमच्या गाड्या रस्त्यावर जास्त वेळा का अडवतात, आणि प्रकरण वाढलं तर ट्रॅफिक कमिशनर कंपनीचं ऑपरेटर लायसन्सच, म्हणजे लॉऱ्या धंद्यात चालवायचा परवानाच, काढून घेऊ शकतात. त्या दिवशी मला ऑफिसातलं काम पहिल्यांदा कळलं. किती मैल मारले याला तिथे किंमत नाही. गाडी, माणूस आणि कागद एकमेकांशी जुळतात का, हे बघणं म्हणजे ते काम.

त्यानंतर टॅकोग्राफ, म्हणजे चालवण्याचे आणि विश्रांतीचे तास नोंदवणारं गाडीतलं यंत्र, मन लावून शिकलो. तुम्हीही शिका. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांचा ब्रेक. तोडायचा तर आधी १५, मग ३०; उलट चालत नाही. चालवायचं ते दिवसाला जास्तीत जास्त ९ तास, आठवड्यात दोनदा १०, दोन आठवड्यांत मिळून ९० तास. सकाळची तपासणी विश्रांतीत टाकू नका, ती ‘अदर वर्क’ म्हणून नोंदवा. नवीन पोरं सगळ्यात जास्त इथेच चुकतात. ड्रायव्हर कार्डवरची नोंद २८ दिवसांच्या आत आणि गाडीतल्या टॅकोग्राफ युनिटची ९० दिवसांच्या आत डाउनलोड करावी लागते. हे डाउनलोड करायला कुणालाच आवडत नाही. मी शनिवारी थांबून करू लागलो. वर्षभरात ट्रॅफिक क्लार्कची, म्हणजे ऑफिसात बसून गाड्यांच्या खेपा सांभाळणाऱ्याची, जागा रिकामी झाली आणि बाईंनी माझं नाव पुढे केलं.

सुरुवातीला पगार घटतो, हे घरी आधीच बोलून ठेवा. रात्रीच्या ट्रंकिंगला (डेपो ते डेपो खेपांना) आणि नाइट आउटला (बाहेरगावी केबिनमध्ये झोपण्याला) जे वरचे पैसे मिळतात ते ऑफिसात नाहीत. आम्ही आठ महिने ओढाताण केली. पण बायकोच्या नाइट आणि माझ्या नाइट एकाच आठवड्यात यायच्या, मुलाला शेजारी ठेवावं लागायचं, ते थांबलं.

क्लार्कवरून प्लॅनर, प्लॅनरवरून शिफ्ट मॅनेजर हे अनुभवाने होतं. ट्रान्सपोर्ट मॅनेजर व्हायला मात्र वेगळी सीपीसी लागते. ड्रायव्हर सीपीसी इथे चालत नाही. पेपर दोन. एकात पर्यायी प्रश्न, दुसऱ्यात एका कंपनीचं उदाहरण देऊन वेळापत्रक आणि खर्च काढायला लावतात, त्याला स्वतःच्या नोट्स नेता येतात. ड्रायव्हर राहिलेल्या माणसाला वेळापत्रक सोपं जातं, खर्चाचं गणित अडतं. रोज एक गणित सोडवा.

कंपनी निवडताना तिचं लायसन्स कोणत्या प्रकारचं आहे ते विचारा. फक्त स्वतःचा माल वाहणाऱ्या रिस्ट्रिक्टेड लायसन्सला ट्रान्सपोर्ट मॅनेजर असण्याची कायद्याने गरज नाही, त्यामुळे तिथे बऱ्याचदा ती खुर्चीच नसते. आणि ‘दोष लिहू नकोस, गाडी काढ’ म्हणणारी जागा पगार कितीही असो, सोडा.

माझ्या नोट्सची फाइल अजून घरी आहे. बदललेले नियम तेवढे तपासून घ्यावे लागतील. परीक्षेची तारीख घेतलीत की न्यायला या, रविवारी मी घरीच असतो.