भाषेच्या तासाला मुलांना बोलू देताय? मग या चुका टाळा

"हाताची घडी, तोंडावर बोट" ऐकतच आपण सगळे शाळेत वाढलो आणि शिक्षक झाल्यावर तेच पुढे चालू ठेवलं. बोलणाऱ्यांची नावं मॉनिटरने फळ्यावर लिहायची, ही पद्धत तर अजूनही कितीतरी वर्गांत आहे. गणिताच्या तासाला एकवेळ मी समजू शकते, पण भाषेच्या तासाला बोलणाऱ्याचंच नाव फळ्यावर लिहायचं हे मला आता अजिबात पटत नाही. मी धुळे जिल्ह्यात पाचवीला मराठी आणि इंग्रजी शिकवते आणि खाली ज्या चुका लिहिल्यात त्या सगळ्या मी स्वतः केलेल्या आहेत.

आधी साधा हिशोब बघा. तास 35 मिनिटांचा, मुलं 40. (कायद्याने प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक हवा, पण प्रत्यक्षात काय असतं ते आपल्याला माहितीय.) निम्मा वेळ आपण बोललो आणि उरलेल्यात एकेकाला उभं केलं तर एका मुलाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट येतं. तेच जोड्या करून फक्त 5 मिनिटं गप्पा मारायला दिल्या तर प्रत्येकाला अडीच मिनिटं मिळतात.

नुसतं "बोला आता" म्हणणं. मोठ्या माणसालाही असं म्हटलं तर तो गप्प बसतो. मुलांना बोलायला काहीतरी लागतं, आणि ते समोरच्याला माहीत नसलेलं असावं लागतं. "माझी शाळा" यावर दोघं काय बोलणार, दोघंही त्याच शाळेत आहेत ना! त्यापेक्षा काल घरी कोण आलं होतं, पायाला ही खूण कशाची, बाजारातून काय आणलं, असं काहीतरी द्या.

मध्येच चूक सुधारणं. माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती. इंग्रजीच्या तासाला एक मुलगी काल काय खाल्लं ते शेजारणीला खुशीत सांगत होती, "आय ईट पोहे", मी लगेच "ईट नाही, एट" म्हणाले आणि ती जी गप्प झाली ती तास संपेपर्यंत. आता मी जवळून जाताना नुसतं "अरे वा, यू एट पोहे? मी टू!" म्हणते आणि पुढे जाते. बरोबर रूप तिच्या कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत. बाकीच्या चुका वहीत टिपून ठेवायच्या आणि शेवटच्या 5 मिनिटांत, कुणाचं नाव न घेता, त्यातल्या दोन-तीनच फळ्यावर घ्यायच्या.

घरची बोली बंद करणं. यावर मी जरा जास्त लिहिणारे कारण आमच्याकडे बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी बोलतात, आणि कोरकू, गोंडी, भिली, वारली बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षकांनाही हेच अनुभव येत असतील. एक मुलगा मराठीच्या तासाला कधीच तोंड उघडायचा नाही, मला वाटायचं त्याला येतच नाही. एक दिवस शेजारच्याला सांगताना ऐकलं, "मना बाप बैल लई उना, तो शिंग मारस!" आणि मग बैलाचा रंग, कितीला घेतला, टेम्पोतून उतरवताना काय झालं, सगळं धडाधडा, एकदाही न अडखळता. भाषा तर त्याच्याकडे भरपूर होती, मीच तिला वर्गात येऊ देत नव्हते! त्याचं वाक्य मी तसंच फळ्यावर लिहिलं आणि शेजारी पुस्तकात कसं लिहितात ते वर्गालाच विचारलं. "माझे बाबा बैल घेऊन आले" हे त्यानेच सांगितलं, वर "उना म्हणजे आले" असंही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय, पण मला ते खरं कळलं या बैलामुळे. इंग्रजीच्या तासालाही मुलं मध्येच मराठीत घुसली तर घाबरू नका, काय बोलायचं हे ती मराठीत ठरवतात आणि मग इंग्रजीत म्हणून बघतात, फक्त शेवटी जोडीने दोन वाक्यं तरी इंग्रजीत सांगायची एवढं आधीच ठरवून द्या.

मोठे गट करणं. आठ जणांच्या गटात दोघं बोलतात, सहा जण बघतात. जोडीच बरी, फार तर तिघं.

गप्पांना मार्क देणं. नको! मार्क म्हटलं की मुलं पाठ केलेलंच बोलतात.

आता नेहमीच्या अडचणी.

गोंगाट फार होतोय? ओरडून गप्प करू नका, आपला आवाज त्यात अजून एक भर. मी हात वर करते, जो बघेल तो हात वर करतो आणि बोलणं थांबवतो. ही सवय लागायला आठवडा गेला, पण आता काही सेकंदांत वर्ग शांत होतो. हेडसरांना मात्र आधीच सांगून ठेवा आणि एकदा वर्गात बसायला बोलवा, बाहेरून ऐकलं तर कुणालाही मासळीबाजारच वाटणार.

विषय सोडून क्रिकेटवर गेले? जाऊ द्या की, बोलतायत ना! फारच भरकटले तर "तुझ्या जोडीदाराने काय सांगितलं ते मला सांग" हा एक प्रश्न पुरतो. ते सांगायचं म्हणजे आधी नीट ऐकावं लागतं.

एखादं मूल बोलतच नाही? त्याला सगळ्यांसमोर उभं करू नका. ज्याच्यासोबत ते मधल्या सुट्टीत खेळतं त्याच्याशी जोडी लावा. आणि आपण काही विचारलं तर थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गांत मोजून पाहिलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात, 3 सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात. मी मनात एक-दोन-तीन मोजते. सुरुवातीला ते तीन सेकंद फार मोठे वाटतात, पण बैलवाला मुलगा तिसऱ्या सेकंदालाच बोलतो.