जुनी काळी सायकल खोलण्याआधी आणि खोलल्यावर

जुनी सायकल हाती आली की बहुतेक हौशी मंडळींच्या डोक्यात पहिला विचार येतो तो रंगाचा. वास्तविक तो सर्वांत शेवटी करायचा असतो आणि पुष्कळदा करायचाच नसतो. नवा रंग केव्हाही देता येतो. मूळ काळा एनॅमल आणि त्यावरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा एकदा खरवडल्या की त्या परत आणता येत नाहीत. म्हणून सायकल पुन्हा उभी करायची म्हणजे तिच्यात काय बदलायचे यापेक्षा काय राखायचे हे आधी ठरवावे, आणि ते ठरेपर्यंत पान्ह्याला हात लावू नये.

इंदूरमध्ये अशा सायकली अजूनही मिळतात. रामबाग किंवा जुनी इंदूर भागातल्या वाड्यांत जिन्याखाली, माळ्यावर किंवा न्हाणीघराच्या मागे त्या उभ्या असतात. एकेकाळी गिरण्यांच्या पाळ्या सुटल्या की रस्ते सायकलींनी भरून जात. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि त्या काळातल्या पुष्कळ सायकली हळूहळू कबाड्याकडे गेल्या. कबाडी वजनावर भाव सांगतो, त्यामुळे त्याच्यासमोर नाव-बनावटीची फार चर्चा करू नये. शक्य असेल तर सायकल घरातूनच घ्यावी. ज्या घरात ती वापरली गेली तिथे मूळ पंप, दिवा, पितळी घंटी किंवा नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्ला एखाद्या खोक्यात पडलेला असण्याचा संभव असतो, आणि असे सामान सुटे शोधायला गेल्यास वर्षे जातात.

सायकल कोणत्या कंपनीची हे ओळखण्यासाठी रंगावर किंवा स्टिकरवर विसंबू नये, चेनव्हील, म्हणजे पायडलांबरोबर फिरणारे पुढचे दातेरी चाक, पाहावे. नॉटिंगहॅमच्या रॅले सायकलच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांच्या आकृत्या कापलेल्या असतात, रज-व्हिटवर्थच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा असतो, तर बी.एस.ए.च्या चेनव्हीलमध्ये तीच अक्षरे दिसतात. हंबरचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा भाग, दोन्ही बाजूंना दुहेरी नळ्यांचा असतो, त्यामुळे ती लांबूनही ओळखू येते. हिंदुस्थानी सायकलींपैकी मद्रासच्या टी.आय. सायकल्सने १९४९ पासून हर्क्युलिससारख्या सायकली बनवल्या, सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ ची आणि लुधियानाची हीरो १९५६ ची. आसनसोलच्या सेन-रॅलेच्या सायकली रॅलेच्याच सहकार्याने बनत. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाच्या मधोमध एक्सलभोवती फिरणारा भाग) असेल तर काम सोपे होते, कारण त्याच्या कवचावर बनावटीचे वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. अर्थात चाक मागाहून बदललेले असू शकते, म्हणून हबावरचे वर्ष हे हबाचेच धरावे.

विकत घेण्यापूर्वी फ्रेम पारखणे सर्वांत महत्त्वाचे आहे. बाकी सारे मिळते किंवा बनवून घेता येते. समोरून धडक बसलेल्या सायकलीत हँडलखालच्या सांध्यामागे, खालच्या नळीच्या पोटाशी, रंगाला आडव्या भेगा किंवा पत्र्याला सुरकुती पडलेली असते. तिथे बोट फिरवून पाहावे. मग एक लांब दोरा मागच्या एका टोकापासून, म्हणजे एक्सल बसतो त्या खाचेपासून, हँडलच्या नळीवरून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून बांधावा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली तर फ्रेम सरळ आहे. तीन-चार मिलिमीटरचा फरक जाणकार कारागीर काढू शकतो, त्याहून जास्त असल्यास सायकल सुट्या भागांसाठी घ्यावी. नळ्यांचे सांधे पितळेने झाळलेले असतात. तिथे तडा असेल तर साधे विजेचे वेल्डिंग करून घेऊ नये, कारण त्या उष्णतेने शेजारची पितळी झाळ कमकुवत होते आणि पातळ नळी जळते. हे काम गॅसवर पितळेची झाळ मारणाऱ्याकडूनच करून घ्यावे.

खोलायला सुरुवात करण्याआधी सायकलचे दोन्ही बाजूंनी, वरून आणि प्रत्येक सांध्याजवळून फोटो काढावेत. ब्रेकच्या सळ्या, त्यांचे स्क्रू आणि मडगार्डच्या तारा कोणत्या बाजूने कशावर बसतात हे पंधरा दिवसांनी आठवत नाही. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवून डबीवर नाव लिहावे. गंजलेल्या आट्यांवर आत शिरणारे तेल सोडून एक रात्र वाट पाहावी. मोटारसायकलचे मिलिमीटरचे पाने इंग्रजी सायकलच्या इंचाच्या नटांवर नीट बसत नाहीत आणि नटाचे कोपरे गोल करतात, म्हणून इंचाचे रिंग पाने मिळवावेत. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत हिंडल्यावर ते सापडतात.

दोन ठिकाणी आटे उलटे असतात आणि तिथेच सर्वाधिक मोडतोड होते. डाव्या बाजूचे पायडल उलट्या आट्याचे असते, त्यामुळे ते काढताना पाना घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. त्याचप्रमाणे इंग्रजी पद्धतीच्या फ्रेममध्ये पायडलांच्या मधल्या धुरीची चेनच्या बाजूची पक्की वाटी, म्हणजे छर्रे जिच्यात फिरतात ती, हीदेखील उलट्या आट्याची असते. ती झिजलेली नसेल तर काढूच नये. आतून पुसून, नवे ग्रीस भरून तशीच वापरावी.

क्रँक म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला असते तो दांडा, आणि त्याला धुरीवर पक्के धरणाऱ्या कॉटर पिना हा या सगळ्या कामाचा कस आहे. पिन निघत नाही म्हणून हातोड्याचे दहा हलके ठोके घालणारा माणूस पिनेचे डोके पसरवतो, आणि मग ती कधीच निघत नाही. रीत अशी: आधी नट सैल करून पिनेच्या टोकाच्या पातळीवर आणून ठेवावा, म्हणजे ठोका आट्यांवर न बसता नटावर बसतो. क्रँकच्या खाली, पिनेच्या डोक्याच्या बाजूने, भरभक्कम लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकवावा. त्याचे भोक इतके मोठे असावे की पिनेचे डोके त्यात उतरेल आणि क्रँक पाइपाच्या कडेवर बसेल. हा टेका नसेल तर ठोक्याचा सारा जोर छर्ऱ्यांवर आणि वाट्यांवर जातो व त्यांना खड्डे पडतात. टेका नीट बसल्यावर जड हातोड्याचा एकच जोरदार, सरळ ठोका द्यावा. पिन हलली की आवाज बदलतो, तो कानाला लगेच कळतो. तरीही न हलल्यास क्रँकचे पिनेच्या भोकाभोवतीचे टोक गॅसच्या टॉर्चने तापवून, तेल सोडून पुन्हा प्रयत्न करावा. शेवटचा उपाय म्हणजे ड्रिल. रस्त्याकडेला बसणारे जुने सायकलवाले काका हे काम एका ठोक्यात करतात, त्यांच्याकडून ते एकदा समोर बसून पाहून घ्यावे, त्याचे चार पैसे द्यावेत आणि मगच स्वतःच्या सायकलीवर हात चालवावा.

नवी पिन विकत घेताना जुनी सोबत न्यावी, कारण जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चालत नाही. इंग्रजी सायकलींना बहुधा साडेनऊ मिलिमीटरची पिन लागते. तिचा सपाट भाग कानशीने थोडाथोडा घासून बसवावा लागतो, आणि दोन्ही पिनांची तोंडे एकमेकींच्या उलट दिशेला ठेवावी लागतात, नाहीतर दोन पायडले एका रेषेत येत नाहीत. पिन हातोड्याने ठोकून बसवावी. नट आवळून ओढून घेतल्यास आटे जातात.

तळाच्या, म्हणजे पायडलांच्या धुरीच्या, वाट्यांबाबत एक धोका सांगितलाच पाहिजे. बहुतेक सायकलींत तिथे इंचाला २४ आटे असतात, पण नॉटिंगहॅमच्या रॅलेत ते २६ असतात. बाजारात मिळणारी साधी २४ ची वाटी २६ च्या फ्रेममध्ये पहिले एक-दोन फेरे बिनबोभाट जाते, मग अडते, आणि जोर केला तर फ्रेमचे आटेच कापून टाकते. म्हणून जुन्या वाटीवर पट्टी धरून अर्ध्या इंचात किती आटे भरतात ते मोजावे: बारा की तेरा. तेरा असतील तर जुनी वाटीच साफ करून वापरणे शहाणपणाचे.

छर्रे मात्र सगळे नवे घालावेत. ते स्वस्त असतात आणि जुन्या छर्ऱ्यांवरची झीज साध्या डोळ्यांना दिसत नाही. तळाच्या भागात पाव इंचाचे अकरा छर्रे प्रत्येक बाजूला, मागच्या हबात पाव इंचाचे नऊ आणि पुढच्या हबात तीन-षोडशांश इंचाचे दहा, असे प्रमाण बहुतेक जुन्या सायकलींत असते. तरी खोलताना निघालेले छर्रे मोजून, मापून मगच नवे आणावेत. एक्सलवरचा कोन, म्हणजे छर्ऱ्यांना टेकणारा शंकूच्या आकाराचा नट, आवळताना चाक मोकळे फिरावे, पण एक्सल धरून हलवल्यास खडखडू नये; चिमट्यात चाक लावून नट घट्ट केल्यावर कोन किंचित आवळला जातो, म्हणून आधी अगदी थोडी सूट ठेवावी.

गंज काढण्यासाठी सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम घालून त्यात छोटे लोखंडी भाग काही तास बुडवून ठेवावेत. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच उन्हात वाळवावेत आणि तेल लावावे. ओले ठेवल्यास तासाभरात पुन्हा तांबूस होतात. रंगीत भाग आणि स्प्रिंगा त्यात टाकू नयेत. क्रोमवरचा गंज स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा गोळा पाण्यात बुडवून घासल्याने निघतो, आणि अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. क्रोमला पॉलिश पेपर लावणे हा अपराध समजावा.

रंगाच्या बाबतीत आधी फक्त साफसफाई करावी. थोडे डिझेल लावलेल्या मऊ फडक्याने पन्नास वर्षांचे वंगण आणि माळव्याची काळी धूळ निघाली की खाली बहुधा अपेक्षेपेक्षा चांगला एनॅमल सापडतो. सीटखालच्या नळीवर, जिथे हात किंवा पाय लागत नाही, तिथे सोनेरी रेघ अखंड असते. इतरत्र ती किती झिजली आहे हे त्यावरून मोजता येते. रेघेवर फडके जोराने फिरवू नये, ती एनॅमलच्या वर असते आणि पटकन जाते. त्यानंतर मोटारीचे सौम्य पॉलिश बोटाने लावून पुसावे. जिथे रंग उडून लोखंड उघडे पडले आहे तिथे रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले अळशीचे तेल अगदी पातळ पुसावे. ते वाळून पापुद्रा धरते आणि पावसाळ्यात गंज रोखते. त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत. मागच्या मडगार्डच्या टोकाचा पांढरा पट्टा जुना असेल तर तोही तसाच ठेवावा.

सायकल पूर्ण रंगवणे भागच असेल, म्हणजे कोणी आधीच तिच्यावर निळा तैलरंग फासलेला असेल, तर भट्टीत भाजलेला काळा रंग करून घ्यावा. पावडर कोटिंग टिकाऊ असते, पण जाड असल्याने सांध्यांच्या नाजूक कडा बुजवते आणि आट्यांत शिरते. रेघा ओढण्यासाठी नंबर प्लेट रंगवणारे जुने पेंटर गाठावेत; त्यांचा हात स्थिर असतो आणि छापील पट्टीपेक्षा त्यांची किंचित थरथरलेली रेघ जास्त खरी दिसते.

चाकांबाबत दिलासा असा की २८ × १½ चे टायर-ट्यूब आपल्याकडे अजूनही सहज मिळतात. सळीच्या ब्रेकची पॅडे रिमच्या बाजूंना न घासता आतल्या अंगाला, वर ओढून लागतात. म्हणून अशा चाकाचा आउट काढताना, म्हणजे आरे आवळून-सैल करून चाक सरळ करताना, डावी-उजवी हेल जितकी महत्त्वाची, त्याहून वरखाली उडी अधिक महत्त्वाची. उडी राहिली तर ब्रेक एका जागी धरतो आणि दुसरीकडे सुटतो. पुढच्या चाकाला ३२ व मागच्याला ४० आरे असतात. निपल, म्हणजे आऱ्याच्या टोकाचा नट, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये.

तीन गिअरचा हब असल्यास त्यात ग्रीस कधीही भरू नये, आतल्या चापांना ते चिकटते. तेलाच्या टोपीतून पातळ तेल एक चमचाभर सोडावे. हब जाम असेल तर आधी डिझेल सोडून एक-दोन दिवस फिरवत राहावे. तारेचा ताण असा ठेवावा की मधल्या गिअरवर, तारेला जोडलेल्या आणि हबात शिरणाऱ्या बारीक साखळीची कांडी उजव्या नटाच्या खिडकीतून पाहिली असता तिचा खांदा एक्सलच्या टोकाशी अगदी बरोबरीत दिसेल. हे जमले नाही तर उभे राहून पायडल मारताना गिअर सुटतो आणि माणूस दांड्यावर आपटतो.

चामड्याची सीट पाण्यात भिजवू नये आणि तेलात बुडवू नये. दोन्हींनी चामडे सैल होऊन मधोमध खचते. मधमाशीचे मेण व थोडी चरबी एकत्र करून पातळ लावावी आणि पुढच्या बोल्टाने ताण द्यायचा झाल्यास एका वेळी अर्धा फेराच द्यावा. रिव्हेटशी फाटलेले चामडे चांगला मोची नीट करू शकतो.

जोडणी झाल्यावर पहिली फेरी घराजवळच, सपाट रस्त्यावर मारावी आणि परत येताच कॉटरच्या पिना पुन्हा एकदा ठोकून नट आवळावेत, कारण नवी पिन पहिल्या काही किलोमीटरांत हमखास आत सरकते. ब्रेकच्या सळ्यांचे स्क्रू, हँडलचा बोल्ट आणि मागच्या चाकाचे नट त्याच वेळी तपासावेत. महिन्याभराने आऱ्यांचा ताण बोटांनी दाबून पाहावा. सैल आरे हातात लगेच वेगळे लागतात. पावसाळ्याच्या आधी सीटची दांडी बाहेर काढून ग्रीस लावून परत बसवावी, नाहीतर ती फ्रेममध्येच गंजून अडकते आणि पुढच्या मालकाला ती तापवून काढावी लागते.