दार्जिलिंगची लोकसंख्या आणि समाज: प्रकल्पासाठी आकडे कसे वाचावेत

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी येथील महाविद्यालयात भूगोलाच्या प्रकल्पासाठी हिमालयातील जिल्हा निवडायचा असल्यास दार्जिलिंग घ्यावा; मात्र आकडे उतरवण्याआधी हद्द तपासावी. 2011 च्या जनगणनेतील 18,46,823 ही लोकसंख्या 2017 मध्ये वेगळा जिल्हा झालेल्या कालिम्पाँगसह आहे, शिवाय तिच्यात सिलिगुडीच्या सपाट प्रदेशाचा मोठा वाटा असल्याने डोंगराळ भागाचे आकडे निराळे काढावेत.

खरा वेळ समाजांसाठी राखून ठेवावा. मातृभाषेच्या तक्त्यात नेपाळीचा एकच मोठा आकडा दिसतो, परंतु त्यामागे राई, तामांग, गुरुंग, मगर, लिंबू, नेवार, छेत्री, बाहुन, कामी, दमाई असे अनेक समाज असतात. भाषेच्या रकान्यावरून समाज ठरत नाही, हे सीमाभागातील वाचकाला फार समजावून सांगावे लागू नये. लेपचा, भुतिया, तामांग आणि लिंबू यांची संख्या अनुसूचित जमातींच्या तक्त्यात शोधावी, कामी व दमाई यांची अनुसूचित जातींच्या तक्त्यात. राई आणि गुरुंग मात्र या दोन्ही तक्त्यांत सापडणार नाहीत. तामांग व लिंबू यांचा जमातींच्या यादीत समावेश 2003 मध्ये झाला, त्यामुळे 2001 आणि 2011 मधील जमातींच्या आकड्यांतील फरक ही नैसर्गिक वाढ म्हणून दाखवू नये.

तराईतील, म्हणजे डोंगरपायथ्याच्या सपाट पट्ट्यातील, चहामळ्यांवरील उराँव व मुंडा हेही अनुसूचित जमातींतच मोजले जातात, म्हणून जिल्ह्याची एकूण बेरीज डोंगरातील जमातींची समजू नये.